जुन्या होंडा एस२००० चे मागचे टायर आतून झिजणे आणि ओल्या वळणात मागचा भाग निसटणे

गाडी २००१ ची होंडा एस२००० आहे, इंग्लंडमध्ये नोंदलेली, आणि सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. तक्रार दोन भागांची होती आणि ती दरवर्षी न चुकता परत येत होती. पहिला भाग असा की मागच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गुळगुळीत व्हायची, तेव्हा बाहेरच्या कडेला चार मिलिमीटर नक्षी शिल्लक असायची. उभ्या गाडीकडे मागून पाहिले तर टायर चांगले दिसत आणि झीज फक्त गाडी उचलल्यावरच लक्षात येई. दुसरा भाग अधिक गंभीर होता. ओल्या रस्त्यावर वळण चालू असताना ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा जरी उचलला, किंवा वळणाच्या मध्यावर रस्त्याचा जोड आला, तर गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर फेकला जाई. बक्स्टन ते मॅकल्सफील्ड या डोंगरी रस्त्यावर एका ऑक्टोबरच्या सकाळी हे घडले तेव्हा समोरून कोणी येत नव्हते, एवढेच माझे नशीब.

मी तीन वेळा टायर बदलले, एकदा चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलले आणि दोन वेळा चारही चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे मोजले. प्रत्येक वेळी काही महिने बरे गेले आणि मग तेच सुरू झाले. अखेर कारण सापडले तेव्हा त्यात नवीन सुटा भाग जवळजवळ लागलाच नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच लक्षणे दिसल्यावर बहुतेक मालक २००४ नंतरच्या गाडीची स्प्रिंग, शॉक आणि चाके शोधायला लागतात, आणि पैसे खर्च करूनही मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आधी आपली गाडी नक्की कोणती ते ठरवा

एस२००० १९९९ मध्ये बाजारात आली. होंडाचे अभियंते शिगेरू उएहारा यांनी एनएसएक्स या होंडाच्याच आधीच्या स्पोर्ट्स गाडीनंतर केलेली ही गाडी. १,९९७ सीसीचे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी, म्हणजे सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांनी, धरणारे) सस्पेन्शन आणि वजनाची पुढे-मागे जवळपास निम्मी-निम्मी विभागणी. सस्पेन्शनच्या दृष्टीने मोठा बदल २००४ च्या मॉडेलला झाला, आणि इथेच इंटरनेटवर वाचलेली माहिती लावताना गोंधळ होतो. अमेरिकेत त्याच वर्षी २,१५७ सीसीचे इंजिन आले आणि गाडीचा सांकेतिक क्रमांक एपी१ चा एपी२ झाला. युरोपात मात्र शेवटपर्यंत दोन लिटरचेच इंजिन राहिले, त्यामुळे २००४ नंतरच्या युरोपीय गाडीला नवे सस्पेन्शन असूनही तिचा क्रमांक एपी१ च आहे. म्हणून केवळ 'एपी१' या शब्दावर जाऊ नका. मूळची चाके १६ इंची असतील तर जुने सस्पेन्शन, १७ इंची असतील तर नवे, ही खूण बहुधा पुरेशी ठरते. परंतु आधीच्या मालकाने चाके बदललेली असू शकतात, म्हणून उत्पादनाचे वर्षही पाहा.

खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः २००३ पर्यंतच्या गाड्यांना लागू आहे.

टायर दोषी नाहीत ना, हे प्रथम पाहा

हा भाग लवकर उरकतो, पण तो वगळू नका. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्क्यातून तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष कळते. जुने, कडक पडलेले रबर ओल्या रस्त्यावर चाकांच्या कोनांच्या कोणत्याही जुळणीला दाद देत नाही. हवा चारही चाकांत ३२ पीएसआय ठेवावी. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर असतील तर पुढची तपासणी करण्याआधी ते एकसारखे करून घ्या.

मापांकडेही लक्ष द्या. कारखान्यातून जुन्या गाडीला पुढे २०५/५५ आर१६ आणि मागे २२५/५० आर१६ असे टायर येत, म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा २० मिलिमीटर रुंद. २००४ मध्ये पुढे २१५/४५ आर१७ आणि मागे २४५/४० आर१७ झाले आणि हा फरक ३० मिलिमीटरवर गेला. कंपनीने पुढच्या चाकांपेक्षा मागच्या चाकांची पकड अधिक वाढवली, हे या आकड्यांवरूनच दिसते. याउलट अनेक मालक स्टिअरिंग धारदार व्हावे म्हणून पुढे रुंद टायर घालतात आणि मागे मूळचेच ठेवतात. पुढची पकड वाढली की मागचा भाग आधी सुटतो. आपल्या गाडीत असे झाले असेल तर तुमचे उत्तर कदाचित इथेच आहे आणि बाकीचा मजकूर तुमच्यासाठी नाही.

तळहाताने आणि दोरीने मोजणी

माझ्या गाडीत टायर योग्य होते. मग मी जे पहिल्याच वर्षी करायला हवे होते ते केले: मागच्या टायरच्या नक्षीवरून आडवा तळहात फिरवला. टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे, चुकलेला असेल तर टायर प्रत्येक फेरीत किंचित आडवा घासला जातो आणि नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड गोल होते, तर दुसरी धारदार राहते. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखे लागले तर चाक आत वळलेले आहे. उलट लागले तर चाक बाहेर वळलेले आहे. एस२००० ची मागची चाके कारखान्याच्या नियमाप्रमाणे आतच वळलेली हवीत, दोन्ही मिळून सुमारे ६ मिलिमीटर. माझ्या दोन्ही टायरांवर बोटांना धार लागत होती ती हात बाहेरून आत नेताना. म्हणजे मागची चाके बाहेर वळलेली होती. हे कळायला एकही यंत्र लागले नाही.

खात्रीसाठी दोरी लावली. गवंडी भिंत सरळ चढवण्यासाठी दोरी ताणतो तीच पद्धत: गाडी सपाट जागेवर, स्टिअरिंग सरळ, आणि दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर गाडीला समांतर ताणलेली एकेक दोरी. इथे एक गोष्ट विसरली तर सगळी मोजणी वाया जाते. या गाडीत मागच्या चाकांमधले अंतर पुढच्यापेक्षा सुमारे ४० मिलिमीटर जास्त आहे, त्यामुळे दोरी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्यापेक्षा २० मिलिमीटर अधिक दूर राहिली पाहिजे. दोन्हीकडे अंतर सारखे ठेवले तर दोरीच तिरपी होते. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. या दोन अंतरांतला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. मोजताना चालकाच्या जागेवर आपल्या वजनाइतक्या वाळूच्या किंवा मातीच्या पिशव्या ठेवाव्यात. त्याचे कारण पुढे येईल, आणि या गाडीत ते नाममात्र नाही.

माझे डावे चाक ३ मिलिमीटर बाहेर आणि उजवे १ मिलिमीटर आत निघाले. दोन्ही चाके डावीकडे रोखलेली, आणि एकूण टो २ मिलिमीटर बाहेर. सरळ रस्त्यावर माझे स्टिअरिंग नेहमी किंचित डावीकडे का असे, हे त्या दिवशी कळले. दोन वेळा केलेल्या अलाइनमेंटचे कागद काढून पाहिले तर त्यांवर फक्त पुढच्या चाकांचे आकडे छापलेले होते आणि बिल मात्र चार चाकांचे होते. हे काम ज्या गॅरेजमध्ये झाले तिथे मागचे बोल्ट हलत नव्हते आणि ते मला कोणी सांगितले नाही. भारतातही ही सवय सर्रास दिसते, कारण तिथल्या बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या आसाला टो जुळवण्याची सोयच नसते आणि अलाइनमेंट म्हणजे पुढची दोन चाके असा समज पक्का झालेला असतो. एस२००० सारख्या गाडीत मात्र मागचे आकडे छापून मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चाक वर-खाली होताना टो कसा बदलतो

आता मुख्य कारण. जुन्या एस२००० मध्ये मागचे चाक दबले की ते आत वळत जाते आणि खाली लोंबले की बाहेर वळत जाते. बऱ्याच गाड्यांत हे थोडेफार होते, पण २००३ पर्यंतच्या एस२००० मध्ये ते बरेच अधिक ठेवलेले आहे. त्यामागचा हेतू वाईट नव्हता: वळणात बाहेरच्या चाकावर भार येतो, ते दबते, आत वळते आणि गाडीचा मागचा भाग धरून ठेवते. कोरड्या, सपाट रस्त्यावर या गाडीचा मागचा भाग जितका रुतून चालल्यासारखा वाटतो, त्याचे एक कारण हेच आहे. अडचण येते ती भार काढून घेतल्यावर. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाते, मागचा भाग उचलला जातो आणि ज्या क्षणी मागच्या टायरवरचा दाब कमी होतो त्याच क्षणी त्याचा आतला टोही निघून जातो. पकड आणि दिशा दोन्ही एकाच वेळी सुटतात, म्हणून घसरणे हळूहळू न होता झटक्यात होते. त्या काळच्या गाडीत सावरायला इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणाही नाही. अमेरिकेत ती २००६ च्या मॉडेलपासून आली.

मी हे डोळ्यांनी पाहायचे ठरवले. गाडी पक्क्या स्टँडवर घेतली, मागच्या डाव्या बाजूचा स्प्रिंगसह शॉक काढला, स्टॅबिलायझर बारची दांडी सोडवली, हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, चाकाऐवजी एक सपाट फळी बोल्टने आवळली आणि फळीवर लेसरची रेषा टाकणारे छोटे उपकरण बसवून ती रेषा समोरच्या भिंतीवर पाडली. मग हबखाली जॅक लावून तो एकेक सेंटिमीटर वर नेत भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. खुणा एकाखाली एक येण्याऐवजी प्रत्येक पायरीला गाडीच्या बाजूला सरकत गेल्या. एक सेंटिमीटरचाही हिशेब भिंतीवर स्पष्ट वाचता येत होता. चालकाच्या वजनाची पिशवी ठेवायची ती याचसाठी: रिकामी गाडी आणि चालक बसलेली गाडी यांच्या उंचीत फरक पडतो आणि या गाडीत उंची बदलली की टो बदललाच.

ती पेन्सिलची ओळ पाहताना माझ्या गाडीचा सगळा इतिहास उलगडला. कागदपत्रांच्या फायलीत आधीच्या मालकाने गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्याचे बिल होते. गाडी खाली आल्यावर टो अर्थातच आत वाढला असणार, आणि कोणीतरी त्या उंचीवर तो परत नियमात आणून ठेवला असणार. पुढे गाडी विकण्याआधी मूळ स्प्रिंग परत बसवल्याचेही बिल होते, पण त्यानंतर अलाइनमेंटचा एकही कागद नव्हता. गाडी वर उचलली गेली आणि खालच्या उंचीवर बरोबर असलेला टो बाहेर गेला. मग इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने बोल्ट गंजून जागच्या जागी बसले आणि ती चूक कायमची झाली.

जखडलेला बोल्ट

टो आणि कॅम्बर (पुढून पाहिल्यावर चाकाचे वरचे टोक आत किंवा बाहेर झुकलेले असणे; आत झुकले तर उणे) जुळवण्यासाठी आर्मच्या आतल्या टोकाला विकेंद्री बोल्ट असतात. बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. हा बोल्ट रबरी बुशच्या मधल्या पोलादी नळीतून जातो, आणि गंज नेमका बोल्ट व नळी यांच्यामध्ये धरतो. नट सहज सुटतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असा भास होतो. पण बोल्टचे डोके फिरवले की नळी त्याच्याबरोबर फिरते, रबर पिळले जाते आणि पाना सोडताच बोल्ट स्प्रिंगसारखा मागे येतो. ही खूण पक्की समजा: पाना सोडल्यावर बोल्टचे डोके परत मागे फिरले तर तो जखडला आहे. त्याला तसाच पिळून, आकडे जुळवून, नट आवळून देणे हा अलाइनमेंटचा देखावा आहे, कारण पिळलेले रबर सतत उलट ओढत राहते आणि थोड्याच काळात फाटते.

मी पाच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी गंजात झिरपणारे भेदक तेल मारले, आणि रोज बोल्ट दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवत राहिलो. चारपैकी दोन बोल्ट असे सुटले. तिसरा आच देऊन सुटला. आच बोल्टच्या टोकाला आणि अगदी थोडी द्यावी लागते, कारण बुशचे रबर पेट घेते आणि पेट्रोलची टाकी फार दूर नसते, म्हणून शेजारी अग्निशामक ठेवल्याशिवाय हे करू नये. डाव्या टो आर्मचा, म्हणजे टो ठरवणाऱ्या आर्मचा, बोल्ट कशालाच बधला नाही. तो बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीने कापला, आर्म खाली काढला, नवा बुश दाबून बसवून घेतला आणि नवा बोल्ट घातला. नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला गंजरोधक ग्रीस चोपडा, आट्यांना नको. आणि बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच, किंवा हबखाली जॅक लावून चाक तेवढ्या उंचीवर आणल्यावरच आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर जातो. आवळण्याचा जोर वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिला आहे, तो अंदाजाने घेऊ नये.

पुढे कॅम्बर उणे अर्धा अंश आणि टो शून्य, मागे कॅम्बर उणे दीड अंश आणि टो एकूण ६ मिलिमीटर आत, दोन्ही बाजूंना समान, या मूळच्या मापांवर गाडी ठेवली. काही जण टायर वाचावेत म्हणून मागचा टो खूप कमी ठेवतात. मला ते पटत नाही. जुन्या गाडीत चाक लोंबताना जेवढा टो जाणार आहे तेवढी शिल्लक आधीच हाताशी असली पाहिजे. ती शिल्लक खर्चून टायरचे पैसे वाचवणे या गाडीच्या बाबतीत धोक्याचे आहे.

२००४ चे भाग बसवावेत का

२००४ मध्ये कंपनीने चाके-टायर तर बदललेच, शिवाय पुढच्या स्प्रिंग थोड्या कडक आणि मागच्या थोड्या मऊ केल्या, शॉक त्यानुसार जुळवले, बॉडीला काही ठिकाणी मजबुती दिली आणि मागच्या सस्पेन्शनची मांडणी अशी बदलली की चाक वर-खाली होताना टो कमी बदलतो. माझ्या मते या सगळ्यात शेवटचा बदल सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच स्प्रिंग आणि शॉकच्या खोक्यातून मिळत नाही. टोची वक्ररेषा, म्हणजे चाक वर-खाली होताना टो कसा बदलतो ते, आर्मच्या लांबीत आणि त्याच्या दोन टोकांच्या जागांमध्ये असते. नव्या स्प्रिंगमुळे चाक किती हलते ते बदलेल, हलताना ते कुठे वळते ते बदलणार नाही. नव्या गाडीच्या स्प्रिंग आणि शॉकने जुनी गाडी शांत होते हे खरे, कारण पुढचा भाग कडक आणि मागचा मऊ झाल्याने मागच्या टायरांना आधार मिळतो. पण टो बाहेर असलेल्या गाडीत ते बसवले तर दोष झाकला जातो आणि टायर पूर्वीसारखेच आतून जातात. माझ्या शॉकच्या खर्चाचे हेच झाले होते.

गाडी मूळ उंचीवर ठेवणार असाल तर बरोबर टो, चांगले बुश आणि चांगले टायर एवढे पुरेसे आहे. गाडी खाली बसवणार असाल तर मात्र टो आर्मच्या सांध्याची जागा बदलणारा संच घेणे योग्य, कारण चाक आता वक्ररेषेच्या अधिक दबलेल्या टोकाकडे काम करणार आहे. आणि उंची कोणत्याही कारणाने बदलली, स्प्रिंग बदलल्या, अगदी मूळच्या परत बसवल्या, तरी त्याच आठवड्यात चारही चाकांची मापे नव्याने घ्या.

काम पूर्ण झाल्यावर पाचशे मैलांनी पुन्हा दोरी लावली. डावे चाक ३ मिलिमीटर आत, उजवे ३ मिलिमीटर आत, पट्टीवर जेवढे दिसते तेवढ्यात काही बदल नाही. मागच्या टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवली आहे आणि दर दोन महिन्यांनी लिहितो. आतली कड बाहेरच्यापेक्षा अजूनही थोडी पुढे झिजते, कारण उणे कॅम्बर असलेल्या चाकाचा भार आतल्या कडेवरच असतो, पण एका हिवाळ्यात दोन्ही कडांमधला फरक एक मिलिमीटरच्या आत राहिला आहे. स्टिअरिंग सरळ आहे. मॅकल्सफील्डच्या त्या वळणावर पावसात पाय उचलून पाहिला, मुद्दाम आणि कमी वेगात. मागचा भाग हलला, पण कळेल इतक्या सावकाश हलला, आणि स्टिअरिंग थोडेसे सोडताच परत ओळीत आला.